बारा फेऱ्यांचा फरक

अलिबागच्या बाजारात माझ्या दुकानावर 'घड्याळे व फोनो दुरुस्ती' अशी पाटी होती. घड्याळं नावालाच. खरं काम फोनोचं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या साली मी मुंबईतलं काम सोडून गावी आलो, तेव्हा मुरूडपासून रेवसपर्यंतच्या पट्ट्यात फोनोची पेटी उघडून ती पुन्हा बंद करता येणारा मी एकटाच होतो. उघडणारे पुष्कळ होते. बंद करून गाणं वाजवणारा एकच, असं मी त्या वयात चारचौघांत सांगत असे. आज सांगताना लाज वाटते, पण त्या वेळी ते खोटं नव्हतं.

आता माझ्या नातवंडांनाही फोनो म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. लाकडी पेटीत पोलादाची एक लांब पट्टी गुंडाळलेली असते, ती कमान. बाहेरून चावी दिली की कमान आवळते आणि सुटता सुटता वरची तबकडी फिरवते. ती भसकन सुटू नये म्हणून आत एक गव्हर्नर असतो. फिरू लागले की बाहेर पसरणारे तीन छोटे गोळे आणि एक चकती. चकती नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यावर घासते आणि वेग धरून ठेवते. म्हणजे जोर कमानीचा, वेग गव्हर्नरचा. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. वेग कमीजास्त करायला तबकडीशेजारी एक खटका असतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हा कायदा. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवायचा, हातात घड्याळ धरायचं आणि कपटा समोरून किती वेळा गेला ते मोजायचं. सत्त्याहत्तर भरले तरी मी पेटी गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे.

आमच्या किनाऱ्यावर फोनोला तीन दुखणी. खारी हवा, वाळू आणि खोबरेल. पहिल्या दोहोंना इलाज नाही. तिसरं मात्र माणसांनी लावलेलं. नागावच्या एका वाडीवाल्यांनी दोन वर्षं मोटरीत, म्हणजे या कमान-गव्हर्नरच्या यंत्रात, घरचं खोबरेल ओतलं. थंडीत ते थिजलं आणि यंत्र अडलं. मी रागावलो तर म्हणाले, "अहो, आमच्या वाडीतलं आहे, घाण्यावरचं. देवाच्या समईला चालतं ते तुमच्या यंत्राला चालू नये?" मुरूडच्या एका तांडेलाने फोनो होडीवर नेला होता. "पोरं जाली वडताना गानं मागतात," तो म्हणाला. "पन यो गाता गाता रडाया लागला, भाऊ." पेटी उघडली तर कमानीच्या डब्यात मूठभर सुकट. मी ती त्याच्यापुढे धरली. तो जराही ओशाळला नाही. "गानं न्हाय तं न्हाय, कालवन तरी व्हईल," म्हणाला.

सांगायचं असं की पेटीच्या आत लोक काहीही कोंबत. खडखड थांबवायला कागदाची घडी, खटका ढिला झाला की आगकाडी, क्वचित सुपारीचं खांडसुद्धा. मुंबईच्या मालकाने मला शिकवलं होतं की कारखान्यातून जे आलं नाही ते आत राहता कामा नये. असलं काही दिसलं की मी चिमट्याने काढायचो आणि शेजारच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचो. त्यात स्क्रू, वॉशर, मोडके दाते सगळंच असे. बघतही नसे. हातच तसा वळला होता.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

रेवदंड्याला माडांच्या वाडीत एझ्रा मास्तरांचं घर होतं. मास्तर इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्याकडची इस्राएली मंडळी बोलायला, वागायला आमच्यासारखीच. भाकरी तीच, मासळी तीच, बायकांची लुगडी तीच. फक्त दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली असे, आत-बाहेर करताना तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. आणि शनिवारी त्या घरात काम बंद, फोनोसुद्धा गप्प. मास्तर तरुणपणी मुंबईत व्हायोलिन वाजवत. मुक्या सिनेमांच्या काळात पडद्यासमोरच्या खड्ड्यात बसून वाजवणारे जे असत, त्यांतले ते. पडद्यावर पाठलाग आला की एक वाजवायचं, वादळ आलं की दुसरं, आणि नायक-नायिका एकमेकांकडे बघू लागली की तिसरं. मग बोलपट आले आणि एका हंगामात खड्डेच बुजले. मास्तरांनी काही वर्षं मुंबईत पोरांच्या शिकवण्या केल्या आणि शेवटी गावी येऊन राहिले.

त्यांच्याकडे नऊ तबकड्या होत्या. एकही गाण्याची नाही. सगळ्या विलायती वाद्यांच्या, आणि सगळ्या एकाच जातीच्या. रोमान्स. त्या शब्दाला मी पहिल्यांदा हसलो होतो, वय तसं होतं. मास्तर रागावले नाहीत.

"तुझ्या डोक्यात आलं ते नव्हे, अनंता," ते म्हणाले. "गाण्यातले शब्द काढून घेतले की जे उरतं ना, तो रोमान्स. कोण कुणाला काय म्हणतंय ते कळत नाही. पण मनापासून म्हणतंय एवढं कळतं."

नवांतला एक पियानोचा होता, एक सनईच्या जातीच्या कुठल्याशा वाद्याचा, दोन चेलोचे. चेलो म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, मांडीशी धरून वाजवायचं, आवाज एखाद्या पोक्त माणसाचा. बाकीचे व्हायोलिनचे. त्यांतला एक मास्तरांचा सगळ्यांत लाडका. त्यात एक ओळ येते, पुढे जाऊ बघते, थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून तेच म्हणते. "बायको रुसली की असंच करावं लागतं," मास्तर म्हणायचे, आणि आतून हन्नाबाई, म्हणजे त्यांची बायको, "रुसायला वेळ कुठे दिलात!" असं ओरडायच्या. तबकडीच्या एका बाजूला चार मिनिटंच मावत, त्यामुळे तो रोमान्स मधोमध तुटायचा. तबकडी उलटेपर्यंत मास्तर एक बोट वर धरून बसत.

त्यांचं स्वतःचं व्हायोलिन भिंतीवर खुंटीला टांगलेलं असे. त्याच्या तारा उतरवलेल्या, सैलसर होत्या, आणि तारा पिळायच्या चार खुंट्यांपैकी तीन काळ्या आणि एक पांढऱ्या लाकडाची, घरी तासलेली. म्हातारा आता वाजवत नाही, वाद्य पडून आहे, असं मी समजलो. दोनदा मी त्यांच्या फोनोचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारी आवाजाची डबी, दुरुस्त केला, पण मोटरीला त्यांनी हात लावू दिला नाही. "वरचं बघ. खाली मी लावलंय ते ठीक आहे," म्हणाले. म्हातारी माणसं संशयी असतात, असं मी मनात म्हटलं.

पुढे मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अलिबागहून डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सांगितलं की आता यांना कळत काही नाही, खाऊपिऊ घाला. मुलगा सोलोमन मुंबईला नोकरीत होता. त्याचं बायको-मुलांसह इस्राएलला जायचं ठरलं होतं. तेव्हा आमच्या किनाऱ्यावरची घरामागून घरं तशी रिकामी होत होती. आई-वडिलांचे कागदही त्याने करून ठेवले होते, जायचं तर लवकर, असा त्याचा लकडा. हन्नाबाई हलायला तयार नव्हत्या.

का ते मला एका दुपारी दिसलं. मी फोनोच्या सुया द्यायला गेलो होतो. चार वाजले, हन्नाबाईंनी मास्तरांना चहा पाजला, तोंड पुसलं, आरामखुर्ची फोनोजवळ ओढली आणि तो लाडका रोमान्स लावला. व्हायोलिन सुरू झालं. मास्तरांचा चेहरा होता तसाच होता, नजर छताकडे. पण डावा हात खुर्चीच्या हातावर होता, त्याची बोटं उचलली गेली आणि लाकडावर पडू लागली. पहिलं, तिसरं, दुसरं, मग करंगळी लांब ताणून. सुरागणिक एक बोट. व्हायोलिनमध्ये सूर डाव्या हाताची बोटं काढतात एवढं मला ठाऊक होतं. तबकडी मधे संपली तेव्हा एक बोट वर राहिलं, आणि हन्नाबाईंनी ती उलटून पुन्हा लावीपर्यंत ते वरच होतं.

"डॉक्टर नाडी बघून गेले," हन्नाबाई म्हणाल्या. "बोटं कुठे बघितली त्यांनी? मी रोज बोलते यांच्याशी. सगळं सांगते. कोंबडीने अंडं दिलं तेसुद्धा. ऐकतात ते. ही खुर्ची, हा फोनो, ही चारची वेळ, एवढ्यावर माणूस धरून आहे रे. बोटीत घालून कुठे नेऊ?"

त्या पावसाळ्यात त्यांच्या फोनोची कमान तुटली. शेजारच्या गाडीवाल्याबरोबर त्यांनी पेटी माझ्याकडे पाठवली नाही, स्वतः एसटीने घेऊन आल्या, मांडीवर ठेवून. दुकानात मला म्हणाल्या, "अनंता, कमान तेवढी बदल. बाकी यांनी लावून ठेवलंय ते तसंच असू दे. त्यांनी मला सांगितलं होतं, मोटरीतलं काही हलवू देऊ नकोस म्हणून. मला त्यातलं कळत नाही, पण तू हलवू नकोस."

"बाई, काही काळजी करू नका," मी म्हटलं.

पेटी उघडली. जुनी कमान काढली, डबा धुतला, नवी कमान ग्रीस लावून बसवली. आणि वेगाच्या खटक्याखाली एक लाकडाची पाचर दिसली. बोटाच्या पेराएवढी. खटका पुढे सरकू नये म्हणून ठोकलेली. मला खरंच हसू आलं. एवढे मोठे संगीतातले मास्तर आणि आगकाडीवाल्यांच्या पंगतीत! चिमट्याने काढली, बिस्किटाच्या डब्यात टाकली. मग कपटा लावून मोजलं तर सहासष्ट फेरे. सहासष्ट! म्हणजे वर्षानुवर्षं या घरात तो रोमान्स रेंगाळत, खर्जात वाजत होता आणि सगळे त्याला खरा समजत होते. मला त्या माणसांची कीवच आली. खटका सारून अठ्ठ्याहत्तर भरले, तीनदा मोजून. हन्नाबाईंनी काय सांगितलं होतं ते मी विसरलो नव्हतो. चूक दिसत असताना ती ठेवायची कशी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पेटी पोचवायला मीच गेलो. खरं तर शाबासकी घ्यायला गेलो. चार वाजता हन्नाबाईंनी तबकडी लावली. आवाज लख्ख, चढा, काचेसारखा. मास्तरांची बोटं उचलली गेली. पहिलं पडलं, तिसरं पडलं, आणि तोवर व्हायोलिन पुढे निघून गेलं होतं. बोटं तशीच अधांतरी राहिली. मास्तरांनी नजर छतावरून काढून पेटीकडे वळवली. त्या नजरेत काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. स्टेशनावर आपली गाडी न थांबता गेली की माणूस बघतो तसं काहीसं. मग हात खाली ठेवला.

"आज दमलेत," हन्नाबाई म्हणाल्या. पुन्हा लावली. हात हलला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "आवाज निराळा वाटतो रे. काही बदललंस का तू?"

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. 'हो बाई, वेग वाढवला, पुन्हा कमी करतो.' खटका हाताशी होता. सहासष्ट भरेपर्यंत मागे सारला की मिळाला असता जुना वेग, पाच मिनिटांचं काम. पण मी असं म्हणालो तर सांगितलेलं मोडलं हे कबूल करावं लागणार, आणि ज्या वेगाची मी मनात टिंगल केली तोच बरोबर होता हेही. फोनोवाल्या अनंताने काम बिघडवलं ही बातमी एसटीने मुरूडला दुसऱ्या दिवशी पोचली असती.

"नाही बाई," मी म्हटलं. "नवी कमान कडक असते. आठ दिवसांत बसेल, मग होईल पूर्वीसारखं."

हे अर्धं खरं होतं, म्हणून तर चटकन तोंडात आलं. नवी कमान कडक असतेच. पण जोर कमानीचा, वेग गव्हर्नरचा. कमान बसली म्हणून वेग उतरत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

आठ दिवस मी रेवदंड्याकडे फिरकलो नाही. मग गणपती तोंडावर आले. त्या दिवसांत दहा गावांचे फोनो माझ्याकडे येऊन पडत, मांडवात वाजायला हवे असत. जेवायला उसंत नाही. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. विसर्जनाच्या आधी दोन दिवस एक बारीक स्क्रू हवा म्हणून बिस्किटाचा डबा वर्तमानपत्रावर पालथा केला, आणि त्या रद्दीत ती पाचर दिसली.

पहिल्यांदा मी ती हातात घेऊन बघितली. आगकाडी नव्हती, आणि कुठलंतरी लाकूडही नव्हतं. काळं शिसवी, एका बाजूने गोल, एका बाजूने धारदार चाकूने तासलेलं, कानसलेलं. व्हायोलिनची खुंटी होती ती. भिंतीवरच्या वाद्याची चौथी खुंटी. तिच्यावर पेन्सिलीची बारीक रेघ होती, खटक्याची कड कुठे यावी ते दाखवणारी. मग मला सैल तारा आठवल्या, आणि दुकानात बसल्या जागी सगळं उलगडलं. म्हातारपणात मास्तरांची बोटं आखडली असणार. खऱ्या वेगाला ती पुरी पडेनात. तेव्हा त्यांनी तबकडीचा वेग बोटांना झेपेल इतका उतरवला, वेग उतरला की सूरही उतरतो म्हणून व्हायोलिनच्या तारा सैल करून त्या सुरात आणल्या, आणि तो वेग कुणाच्या हातून हलू नये म्हणून आपल्या वाद्याची खुंटी कापून पाचर ठोकली. वाद्य पडून नव्हतं. तबकडीबरोबर ते रोज वाजवत असणार, झटका येईपर्यंत. तबकडीतल्या त्या विलायती वादकाला त्यांनी आपल्याबरोबर हळू चालायला लावलं होतं. आणि मी अडाण्याची लुडबुड म्हणून ते उपटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने जायला हवं होतं. मी विसर्जन होऊ दिलं. मग पेट्या परत येऊ दिल्या. मग एक दिवस ताप आला, खरंच आला. पाचर खिशात घालून रेवदंड्याला उतरलो तेव्हा पेटी पोचवल्याला चाळीस दिवस होऊन गेले होते.

दारात बैलगाडी उभी होती. वळकट्या बांधलेल्या, दोन ट्रंका, त्यांच्यावर दोर. सोलोमन गाडीवाल्याला सामान दाखवत होता. रेवसची लाँच पकडायची होती, तिथून मुंबई, मग बोट. मास्तर ओटीवर खुर्चीत, कोट घातलेले, डोक्यावर टोपी. दोन्ही हात मांडीवर कुणीतरी ठेवले होते तसे.

हन्नाबाई आतून आल्या. लुगडं नवं होतं, डोळे कोरडे. "आलास? बरं झालं. मी निरोप धाडणार होते." मला ओटीवर बसवलं आणि ताटलीत मलिदा आणून दिला. गोड पोहे, खोबरं, वर केळं, खजूर. त्यांच्याकडे नवसाला करतात.

"बोटं पुन्हा हलली तर मलिदा करीन असं बोलले होते," त्या म्हणाल्या. "नाही हलली. तरी केला. जाताना देवाशी काय अडून बसायचं?"

मी पोहे तोंडात घातले.

"तू आठ दिवस म्हणालास. मी चाळीस दिवस लावला रे. शनिवार सोडून रोज. कमान बसली असेल, पण यांचंच आतलं काहीतरी विझलं. दोन्ही एकदमच झालं बघ, म्हणून मला आधी वाटलं फोनोचाच दोष. तुझ्यावर नाही नाही ते मनात आलं माझ्या. मनाला लावून घेऊ नकोस." त्यांनी सोलोमनकडे पाहिलं. "मधेच धीर सुटला तेव्हा याला म्हटलं, ने बाबा. आता इथे काय आणि तिथे काय."

पाचर माझ्या खिशात होती. बोट लावलं की तिची कड लागत होती. फोनो आत तसाच होता, पाच मिनिटांचं काम. मी उठलो असतो, पाचर ठोकली असती, तबकडी लावली असती आणि मास्तरांची बोटं बहुतेक उठली असती. मग? तिकिटं काढलेली, घर विकलेलं, गाडी दारात. ते बघून हन्नाबाई कशा निघाल्या असत्या? न सांगणं हीच दया आहे, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला पटवलं. पण त्या ओटीवर माझ्या मनात दया नव्हती. त्या मला ओरडतील, सोलोमन ऐकेल, गाडीवाला ऐकेल, एवढंच होतं.

"हा फोनो तू घे," हन्नाबाई म्हणाल्या. "तबकड्या नेते. पेटी जड. तू जीव लावून दुरुस्त केलास, तुझ्याकडे नीट राहील."

मी नको म्हणालो नाही. तेवढंसुद्धा जमलं नाही मला. गाडी निघाली तेव्हा त्यांनी दाराच्या डबीला हात लावला, बोटं ओठांना टेकवली, मग मास्तरांचा डावा हात उचलून तोही लावला.

पेटी दुकानात आणली. पाचर रेघेवर बसवली, कपटा लावून मोजलं. सहासष्ट. एक कमी नाही, एक जास्त नाही. वाजवायला तबकडी नव्हती. दोन-तीन वर्षांनी मुंबईला जुन्या सामानाच्या बाजारात तो रोमान्स मिळाला, वाजवणारा निराळा, पण चीज तीच. मास्तरांच्या पेटीवर सहासष्टने लावला. अठ्ठ्याहत्तरला त्यात व्हायोलिन गातं. सहासष्टला ते बोलतं. दिवसभर काम करून आलेला कुणी वयस्क माणूस ओटीवर बसून बायकोला काहीतरी समजावतोय, घाई नाही, तिने ऐकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगेल. चुकीच्या वेगात एवढा बरोबर सूर मी धंद्यात दुसरा ऐकला नाही.

त्यानंतर एक पत्र आलं. निळ्या पातळ कागदावर हन्नाबाईंचं मराठी, सुवाच्य, शाळेतल्यासारखं. मास्तर आदल्या थंडीत गेले. सोलोमनने विजेचा फोनो घेतला होता, त्यावर सगळ्या तबकड्या लावून पाहिल्या, हात हलला नाही. विजेच्या त्या यंत्रांना अठ्ठ्याहत्तरचा वेग बांधलेला असे, कारखान्यातून. पुढे लिहिलं होतं, 'शेवटची दोन वर्षे मी त्यांच्याशी बोलणे कमी केले होते. ऐकत नाहीत म्हटल्यावर माणूस किती बोलणार? आता घर गप्प आहे तेव्हा वाटते, तरी बोलायला हवे होते.' खाली माझ्या घरच्यांना आशीर्वाद होते, आणि फोनो नीट आहे ना, असं विचारलं होतं.

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. चारदा बसलो, चारदा फाडलं. मग रेडिओ आले, घरोघर वीज आली, फोनो माळ्यावर गेले आणि मी खरोखरच घड्याळंवाला झालो. माझ्या हाताची तारीफ करणारे अजून भेटतात. मी मान हलवतो.

दिवाळी अंक इस्राएललाही जातात, तिकडची आपली माणसं ते एकमेकांत फिरवून वाचतात, असं संपादकांनी मला लिहायला सांगताना सहज म्हटलं होतं. म्हणून होकार दिला. हन्नाबाई आज असतील तर नव्वदीच्या पुढे असतील. नसतील तर सोलोमनने वाचावं.

बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. कमानीचा काही संबंध नव्हता, मास्तरांचंही काही विझलं नव्हतं. वेग मी बदलला होता, तुम्ही नको सांगितलेलं असताना. ते शेवटपर्यंत तुमचं ऐकत होते. तुम्ही बोलायला हवं होतंत, आणि बोलला नाहीत ते माझ्यामुळे.